सरहद्दीवरचें स्टेशन

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाचा, धर्मगुरूंचा व उपकारकर्त्यांचा इतिहास यावा, अशी रीतच आहे आणि ती योग्य आहे. परंतु ज्या वाटेनें हें सारें आपल्यापर्यंत आलें, त्या वाटेची आठवण क्वचितच कोणी काढतो. शेंद्र्याच्या माणसाला रेल्वे म्हटली कीं करमाडचें स्टेशन आठवतें. करमाडहून पश्चिमेकडे निघालेली गाडी चिकलठाणा, छत्रपति संभाजीनगर, दौलताबाद, लासूर, परसोडा, रोटेगांव व नगरसूल हीं स्टेशनें मागें टाकीत मनमाडास पोहोंचते. आज या प्रवासांत एक सरहद्द ओलांडली जाते, असें कोणाच्या ध्यानींमनींही येत नाहीं. परंतु आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळीं या वाटेवर एक राज्य संपून दुसरें सुरू होत असे, आणि मनमाड हें त्या सरहद्दीचें मोठें दार होतें. त्या दाराची हकीकत या शुभप्रसंगीं सांगावी, असें मनांत आहे. कारण ही हकीकत केवळ रुळांची व इंजिनांची नाहीं. ज्यांनीं त्या दारांतून ओझीं वाहिलीं त्यांचीही ती आहे, आणि त्यांत आपल्यापैकीं पुष्कळांचीं घराणीं येतात.

हिंदुस्थानांतली उतारूंची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग पुढें नाशिक जिल्ह्यांतून भुसावळाकडे वाढत गेला. १८६५ मध्यें थळ घाट खुला झाल्यावर मुंबई ते मनमाड हा सुमारे २६० किलोमीटरांचा प्रवास गाडी न बदलतां होऊं लागला. १८७८ मध्यें धोंड-मनमाड फांटा निघाला आणि लहानशा मनमाडास जंक्शनचा मान मिळाला. मात्र औरंगाबादच्या बाजूस अजून लोहमार्ग नव्हता. त्या काळीं वेरूळ वा औरंगाबाद गांठावयाचें तर नांदगांव स्टेशनावर उतरावें आणि टांग्यानें किंवा बैलगाडीनें घाट चढून निजामशाही मुलुखांत यावें, हाच मार्ग होता. पावसाळ्यांत नदीनाल्यांना पूर आला म्हणजे प्रवाशानें काठावर बसून पाणी उतरण्याची वाट पाहावी.

निजामाच्या राज्यांत वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग १८७४ मध्येंच सुरू झाला होता. आपल्या भागास गाडी मिळाली ती त्यानंतर पाव शतकानें. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नांवानें हैदराबादहून निजामाबाद, नांदेड, परभणी, जालना व औरंगाबाद या गांवांवरून मनमाडापर्यंत ३९१ मैलांचा मार्ग टाकण्यांत आला, आणि १९०० सालाच्या आगेमागें तो टप्प्याटप्प्यानें खुला झाला. हा काळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. १८९९ व १९०० हीं वर्षें दख्खनच्या घोर दुष्काळाचीं होत. विहिरी आटल्या, जनावरें दावणीला मेलीं, गांवेंच्या गांवें पोटासाठीं बाहेर पडलीं. अशा दिवसांत आपल्या मुलुखांत मातीचे भराव पडत होते व खडी फुटत होती. गाडी आली ती भुकेच्या दिवसांत आली, हें आपण विसरतां कामा नये.

हा नवा मार्ग मीटरगेज, म्हणजे लहान रुळांचा होता. दोन रुळांमधलें अंतर एक मीटर. मुंबईकडील मोठ्या मार्गाचें अंतर साडेपांच फूट. लहान रुळांस खर्च थोडा लागतो, म्हणून ती निवड झाली. पण तिचा परिणाम असा झाला कीं निजामाच्या राज्यांतला एकही डबा मनमाडापलीकडे जाऊं शकेना, आणि मुंबईचा एकही डबा इकडे येऊं शकेना. उतारूंनीं गांठोडीं व पोरेंबाळें सांवरीत फलाट बदलावा, हें तर झालेंच. परंतु मालाची गोष्ट अधिक कठीण होती. जालना, परभणी व नांदेड या बाजूंचा कापूस, सरकी व धान्य मनमाडास येई, आणि तेथें प्रत्येक गांठ, प्रत्येक पोतें लहान डब्यांतून काढून मोठ्या डब्यांत चढवावें लागे. उलट बाजूनें मीठ, कापड, लोखंड व रॉकेल येई. त्याचीही तीच तऱ्हा. कापसाच्या पक्क्या गांठीचें वजन सुमारे ४०० पौंड, म्हणजे आजच्या मापानें १८० किलो. दोन राज्यांचा व्यापार वाढला, गिरण्या चालल्या, सावकार व अडते गबर झाले असें आपण पुस्तकांत वाचतों. पण तो सारा व्यापार मनमाडच्या धक्क्यावर हमालाच्या पाठीवरून ओलांडत होता. पूल अभियंत्यांनीं बांधले. या दोन रुळांमधला पूल मात्र माणसाच्या पाठीचाच होता, आणि तो जवळजवळ नव्वद वर्षें टिकला.

रुळांचें हें अंतर डोळ्यांना दिसणारें होतें. त्याखेरीज आणखी दोन भिंती होत्या. पहिली करोडगिरीची. निजाम सरकारच्या जकात खात्यास करोडगिरी म्हणत. राज्यांत येणाऱ्या व राज्याबाहेर जाणाऱ्या मालावर साधारणतः शेंकडा पांच प्रमाणें हा कर बसे. प्रत्यक्ष सरहद्द नगरसूल व रोटेगांव या दोन स्टेशनांच्या दरम्यान पडे; नगरसूल इंग्रजी अमलाच्या येवलें तालुक्यांत, तर रोटेगांव निजामाच्या वैजापूर तालुक्यांत. दुसरी भिंत नाण्याची. इकडे हाली शिक्क्याचा रुपया, तर तिकडे कलदार. शंभर कलदारांस हाली ११६ रुपये १० आणे ८ पै असा ठरीव दर असे. म्हणजे सात हाली रुपये मोजावे तेव्हां सहा कलदार हातीं पडत. मुंबईच्या गिरणींत राबलेल्या माणसाची रक्कम घरीं येतांना आंकड्यानें वाढे, आणि इकडून कापड खरेदीस निघालेल्या माणसाची आटे. हिशेब सरळ होता. पण ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याला सराफ सांगेल तोच दर खरा मानावा लागे.

जकातीच्या नाक्याचा विषय निघाला कीं ख्रिस्ती माणसाच्या मनांत संत मत्तयाची मूर्ति उभी राहिल्यावांचून राहत नाहीं. कफर्णहूम हेंही सरहद्दीवरचेंच गांव. हेरोद अंतिपाच्या व फिलिपाच्या मुलुखांच्या सीमेजवळचें. तेथें नाक्यावर बसलेल्या, लोकांच्या तिरस्कारास पात्र झालेल्या एका जकातदारास आमच्या प्रभूनें हांक मारली आणि तो उठून मागें गेला. राजांनीं आंखलेल्या सीमेवर, जेथें माणूस माणसाकडे केवळ कर किंवा माल म्हणून पाहतो, तेथें प्रभूनें माणूस पाहिला. सरहद्दीच्या स्टेशनाकडे पाहण्याची आपली दृष्टि याच प्रसंगावरून घेतली पाहिजे.

आपल्या भागांत श्रद्धेचें बीज आणणाऱ्या मिशनऱ्यांनाही हीच सरहद्द ओलांडावी लागली. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नांवानें चालणाऱ्या संघाचे ते धर्मगुरु; त्यांचें मूळ फ्रान्समधील सव्हॉय या डोंगरी प्रांतांतलें. १८८७ मध्यें नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला व त्यांच्याकडे सोंपविण्यांत आला. नागपुराहून औरंगाबादकडे यावयाचें तर भुसावळमार्गें येऊन पुढें सरहद्द ओलांडावी, हाच रस्ता. घोगरगांवचे फादर गुरियन जाकिये यांच्यासारख्या धर्मगुरूंनीं सव्हॉयचे हिमाच्छादित डोंगर सोडून गोदाकांठच्या धुळींत आयुष्य वेंचलें. त्यांच्या समाधीस आजही लोक जातात. पुढें १९५५ मध्यें आपला भाग अमरावती धर्मप्रांतांत गेला, आणि १७ डिसेंबर १९७७ रोजीं औरंगाबाद हा स्वतंत्र धर्मप्रांत होऊन बिशप डॉमिनिक आब्रेव हे त्याचे पहिले बिशप झाले. धर्मप्रांताच्या सीमाही राज्यांच्या सीमांप्रमाणें बदलत गेल्या. मिस्सा मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकच होती, ही लहान गोष्ट नव्हे.

स्टेशनानें गांवास काय दिलें, असें विचारलें तर उत्तर मोठें आहे. मनमाडास इंजिनें पाणी व कोळसा घेत, गाड्यांची जोडणी होई, टपालाच्या थैल्या एका मार्गावरून दुसऱ्यावर जात. पूल व तुळया तयार करणारा रेल्वेचा मोठा कारखाना तेथें निघाला आणि शेंकडों कुटुंबांची चूल त्यावर पेटली. ज्या माणसास गांवांत पाटलाच्या वाड्यासमोरून जातांना जोडे हातीं घ्यावे लागत, त्याच्या अंगावर रेल्वेचा पोषाख आला व दरमहा बांधलेला पगार त्याच्या हातीं पडला. तिकीट घेणाऱ्या प्रत्येकास गाडी नेते. त्याची जात ती विचारीत नाहीं, असा विश्वास त्या पिढीस वाटला.

परंतु हा विश्वास पुरता खरा ठरला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजीं याच मनमाडांत जी. आय. पी. रेल्वेवरील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रु होत, हें त्यांचें प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेंतलें. येथें आपल्या विषयास अधिक लागू पडते ती त्यांनीं मांडलेली साधी वस्तुस्थिति. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून भरती होई आणि गँगमन म्हणूनच त्याची नोकरी संपे. त्यास पोर्टरची जागाही मिळत नसे. कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तरच्या घरचीं कामें करून घेण्याची रूढि होती, आणि मास्तर स्पृश्य असला म्हणजे त्याच्या घरांत याचा शिरकाव कसा व्हावा? कारखान्यांतही मेकॅनिक वा फोरमन होण्याची वाट त्याला बंद होती. म्हणजे रुळांखालची खडी त्यानें ठोकावी, परंतु फलाटावर त्यानें चढूं नये! निजामाची व इंग्रजाची सरहद्द नकाशावर होती. ही सरहद्द स्टेशनाच्या आंतच होती. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ घराण्यांचा पूर्वेतिहास याच लोकांमध्यें आहे. म्हणून ही हकीकत आपण परक्याची म्हणून वाचूं नये. आणि आपल्या देवळांत, बांकांवर व पंगतींत अशी सरहद्द कधीं नव्हती काय, हा प्रश्न आपण स्वतःसही विचारावा.

ऑगस्ट १९४७ मध्यें देश स्वतंत्र झाला, परंतु हैदराबाद संस्थान वेगळें राहिलें. आणि नगरसूल-रोटेगांवची जुनी सीमा एकाएकीं धगधगूं लागली. रझाकारांच्या भयानें अनेक कुटुंबें घरदार सोडून पलीकडे गेलीं. मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांचे तळ सरहद्दीलगत पडले. मनमाड हा त्यांतला महत्त्वाचा तळ होता. ठिकठिकाणचे करोडगिरी नाके कार्यकर्त्यांच्या हल्ल्यांचें लक्ष्य बनले. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय फौजा संस्थानांत शिरल्या व १७ सप्टेंबर रोजीं निजामानें शरणागति पत्करली. हा दिवस आपण मुक्तिसंग्रामदिन म्हणून पाळतों. त्याच दिवसांत संस्थानांत अनेक ठिकाणीं निरपराध मुसलमान बांधवांवर सूड उगवला गेला, हेंही खरें आहे. सरहद्द मोडतांना जो रक्तपात होतो तो बहुधा गरिबाचाच होतो. मग तो कोणत्याही धर्माचा असो.

यानंतर भिंती एकामागून एक पडत गेल्या. १९५० मध्यें निजाम स्टेट रेल्वे भारत सरकारकडे आली आणि १९५१ मध्यें मध्य रेल्वेंत मिळाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र झाला आणि राज्याची सीमा नुसती जिल्ह्याची सीमा उरली. हाली शिक्का १९५९ मध्यें चलनांतून कायमचा गेला. रुळांची भिंत सर्वांत चिवट निघाली. १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत मनमाड-औरंगाबाद व पुढील मार्ग ब्रॉडगेज झाला, तेव्हां कोठें गाडी न बदलतां मुंबई गांठण्याचें सुख आपणांस लाभलें. धक्क्यावरची ती अखंड चढउतार थांबली आणि हमालाची पाठ मोकळी झाली. पण तीबरोबर कित्येकांची रोजीही गेली, याची नोंद कोणी ठेवली नाहीं.

एक नवलाची गोष्ट अशी कीं जुन्या सरहद्दीची खूण रेल्वेच्या कारभारांत अद्याप शिल्लक आहे. मनमाड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागांत मोडतें. तेथून आपल्याकडे निघालेला मार्ग मात्र दक्षिण मध्य रेल्वेचा. हा झोन १९६६ मध्यें झाला व त्याचें मुख्यालय सिकंदराबाद. २००३ पासून आपला मार्ग त्याच्या नांदेड विभागाखालीं आहे. निजामाचें राज्य जाऊन तीन पिढ्या लोटल्या, तरी करमाडच्या गाडीचा वरिष्ठ हिशेब तेलंगणांतच होतो! आपला मार्ग मध्य रेल्वेस जोडावा, ही मागणी मराठवाड्यांत पुष्कळ वर्षांपासून चालू आहे.

आजचें मनमाड सेवेंत उणें नाहीं. अन्न महामंडळाचीं प्रचंड गोदामें तेथें आहेत आणि देशाच्या दूरच्या प्रांतांतून आलेला गहू-तांदूळ तेथून गांवोगांवच्या शिधावाटप दुकानांत जातो. जवळच पानेवाडी येथें इंधनाचे साठे आहेत. १९७५ पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस नाशिक जिल्ह्यांतील चाकरमान्यांस रोज मुंबईस नेते व आणते. साईभक्तांच्या सोयीसाठीं दक्षिणेकडील कित्येक गाड्या पूर्वीच्या सरहद्दीवरील त्या लहानशा नगरसुलापर्यंत येतात. ३० डिसेंबर २०२३ रोजीं जालना-मुंबई वंदे भारत एक्स्प्रेस आपल्या मार्गावर धांवूं लागली, आणि २०२५ मध्यें ती नांदेडपर्यंत नेण्यांत आली. आपल्या शेंद्र्याचेंही रूप पालटलें. जेथें बाजरी व कापूस पिके तेथें औद्योगिक वसाहत झाली, आणि परप्रांतांतील माणसें येथें पोटासाठीं येऊं लागलीं. एके काळीं आपलीं माणसें पलीकडे जात. आतां दुसऱ्यांचीं आपल्याकडे येतात.

आणि येथेंच ती घटना सांगणें भाग आहे, जिच्यावांचून हा लेख अपुरा राहील. २०२० च्या उन्हाळ्यांत साथीमुळें देशभर टाळेबंदी झाली. उतारूंच्या गाड्या थांबल्या, कारखाने बंद पडले, आणि राज्याराज्यांच्या सीमा पुन्हां एकदां भिंतींसारख्या उभ्या राहिल्या. जालन्यांत पोलादाच्या कारखान्यांत राबणारे मध्य प्रदेशांतले कांहीं मजूर घरीं जाण्यासाठीं रात्रीं रुळांवरून पायीं निघाले. सुमारे चाळीस किलोमीटर चालून ते करमाडच्या अलीकडे पोहोंचले आणि थकून रुळांवरच निजले. गाड्या बंद आहेत, असा त्यांचा समज होता. ८ मे २०२० रोजीं पहांटे मालगाडी आली आणि त्यांतले सोळा जण मरण पावले. रुळांवर त्यांच्या भाकरी विखुरलेल्या होत्या. हें दूरदेशचें वर्तमान नव्हे. ज्या स्टेशनाची शिट्टी आपणांस ऐकूं येते, त्याच्याच शेजारीं हें घडलें.

या मजुरांत व मनमाडच्या धक्क्यावरील हमालांत शंभर वर्षांचें अंतर आहे, पण नातें एकच आहे. सरहद्दी राजे व सरकारें आंखतात. त्या ओलांडाव्या लागतात पोटासाठीं निघालेल्या माणसाला, आणि त्याचें मोल त्यालाच भरावें लागतें. कधीं करोडगिरीच्या पैशांत, कधीं वटावांत, कधीं पाठीच्या हाडांत, आणि कधीं प्राणांत. म्हणून स्टेशनाच्या सेवेचें माप किती वेगानें किती गाड्या गेल्या हें नसावें. सर्वांत दुबळा माणूस त्या दारांतून सुखरूप घरीं पोहोंचला कीं नाहीं, हें असावें.

ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थही हाच आहे. पन्नासावें वर्ष पवित्र मानावें, बांधलेल्यांस मोकळें करावें आणि प्रत्येकानें आपल्या वतनास व आपल्या कुटुंबांत परत जावें, अशी आज्ञा देवानें मोशेच्या द्वारें इस्राएलास दिली होती. घरीं परतणें हेंच ज्युबिलीचें मर्म. मग ज्यांना परततां आलें नाहीं, त्यांच्या स्मरणावांचून आपली ज्युबिली पूर्ण कशी व्हावी?

म्हणून या आनंदाच्या वेळीं आपल्या धर्मग्रामानें दोन लहानशा गोष्टी मनावर घ्याव्या, अशी नम्र विनंति आहे. ज्या वृद्धांनीं करोडगिरीचे नाके व हाली रुपये पाहिले ते आतां फार थोडे उरले आहेत; ज्यांनीं लहान रुळांवर काम केलें तेही थकले आहेत. तरुणांनीं त्यांच्यापाशीं बसून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्या. कारण रेल्वेच्या दप्तरांत गांठींची संख्या मिळेल, पण ती वाहणाऱ्यांचीं नांवें मिळणार नाहींत. आणि दरवर्षीं ८ मे रोजीं त्या सोळा प्रवाशांसाठीं एक मिस्सा अर्पण व्हावी. ते आपल्या धर्माचे होते कीं नव्हते, हा प्रश्न सरहद्दीवरच्या नाकेदाराचा आहे. ख्रिस्ताच्या मंडळीचा नव्हे.

सर्व वाटसरूंचा सांभाळ करणारा देवबाप आपल्या धर्मग्रामास आशीर्वाद देवो, आणि परक्या मुलुखांतून येथें आलेल्या प्रत्येकास आपलें देऊळ हें घरीं पोहोंचल्याचें स्टेशन वाटो, हीच त्याच्या चरणीं प्रार्थना.